शेंगा चटणी आणि पोटातलं बाळ

सोलापुरातल्या कित्येक घरांत दुपारचं जेवण म्हणजे ज्वारीची कडक भाकरी, दही आणि लसूण, जिरं, लाल तिखट घालून तेल सुटेपर्यंत उखळात कुटलेली शेंगा चटणी. भाजीत दाण्याचं कूट, सणाला शेंगा पोळी. सुनेला दिवस गेले की मात्र याच चटणीवर पहिली गदा येते. सासूबाई म्हणतात, गरम पडतं. मोबाइलवर काहीतरी वाचून नणंद म्हणते, वहिनी, बाळाला शेंगदाण्याची ॲलर्जी होईल.

नणंदेचं म्हणणं निराधार नव्हतं. काही वर्षांपूर्वी हाच अधिकृत सल्ला होता. ज्या घरात दमा, इसब किंवा ॲलर्जी आहे, तिथल्या गरोदर बायकांनी शेंगदाणे टाळलेले बरे, असं ब्रिटनमध्ये 1998 साली सांगितलं गेलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2000 साली अशा घरांसाठी तसाच सूर लावला आणि मुलाला तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नयेत अशी भर घातली. आयांनी ते निष्ठेने पाळलं. तरी त्या देशांत शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं कमी झाली नाहीत. अमेरिकेने 2008 मध्ये आणि ब्रिटनने 2009 मध्ये हे सल्ले मागे घेतले. आपल्याकडे मात्र जुना सल्ला अजून हातोहाती फिरतो आहे.

दरम्यान लंडनचे ॲलर्जीतज्ज्ञ गिडिऑन लॅक यांच्या गटाला एक विलक्षण फरक दिसला. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याच्या ॲलर्जीचं प्रमाण 1.85 टक्के, तर इस्रायलमधल्या ज्यू मुलांत 0.17 टक्के. इस्रायलमध्ये दात यायच्या वयापासून मुलांच्या हातात शेंगदाण्याचे कुरकुरे असतात. मग त्यांनी प्रत्यक्ष प्रयोग केला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली 4 ते 11 महिन्यांची 640 बाळं घेतली. निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांचे टाळले. 2015 मध्ये निकाल आला: पाचव्या वर्षी टाळणाऱ्या गटात 17.2 टक्के मुलांना ॲलर्जी होती, खाणाऱ्या गटात 3.2 टक्के.

हा प्रयोग जन्मलेल्या बाळांचा आहे, गरोदरपणाचा नाही. हा फरक विसरून चालणार नाही. गरोदर आईने दूध, अंडी बंद केल्याचे स्वतंत्र प्रयोग झाले आहेत. त्यातून मुलांची ॲलर्जी टळल्याचं दिसलं नाही. उलट आईचं वजन अपेक्षेइतकं न वाढण्याची शक्यता दिसली. अमेरिकेतल्या आठ हजारांहून अधिक मुलांच्या एका अभ्यासात, स्वतःला ॲलर्जी नसलेल्या ज्या आया गरोदरपणाच्या काळात शेंगदाणे आणि सुकामेवा वरचेवर खात होत्या, त्यांच्या मुलांत ही ॲलर्जी कमीच आढळली. अशा निरीक्षणातून कारण सिद्ध होत नाही, पण भीती नक्कीच कमी होते. शिवाय आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या शाळकरी मुलांच्या पाहणीत अन्नाच्या ॲलर्जीचं प्रमाण 0.14 टक्के निघालं. त्याच पद्धतीने हाँगकाँगमध्ये ते दीड टक्का होतं. ज्या देशात निम्म्याहून अधिक गरोदर बायका ॲनिमियाने ग्रासलेल्या आहेत, तिथे ताटातून पोषक अन्न काढून घेणं मला अन्यायाचंच वाटतं. ज्या आईला स्वतःलाच शेंगदाण्याने गांधी उठतात किंवा धाप लागते, तिने अर्थातच तो टाळायचा.

मग ॲलर्जी शिरते कुठून? लॅक यांचं म्हणणं असं, की पोटातून ओळख झाली तर शरीर अन्नाला आपलं मानतं. फुटलेल्या, खाजऱ्या त्वचेतून ओळख झाली तर शत्रू मानतं. शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं लावलेल्या बाळांत ही ॲलर्जी जास्त आढळल्याचं त्यांनीच 2003 मध्ये दाखवलं होतं. आपल्याकडे तान्ह्या बाळाला डाळीचं पीठ आणि साय लावून आंघोळ घालतात. निरोगी कातडीचं सोडा, पण गाल आणि कोपरांचे खळगे लाल होऊन चिरत असतील, तर खाण्याच्या वस्तू त्यावर चोळू नयेत. तिथे साधं, सुगंध नसलेलं मलम बरं.

मुलाचा दमा टाळायला मात्र आईच्या आहारातून एक गोष्ट खरोखर मदत करू शकते, ती माशातली ओमेगा-3 स्निग्धाम्लं. डेन्मार्कमध्ये 736 गरोदर बायकांवर प्रयोग झाला. शेवटच्या तिमाहीत रोज 2.4 ग्रॅम दिलं, तेव्हा मुलांत सततची घरघर किंवा दमा 23.7 टक्क्यांवरून 16.9 टक्क्यांवर आला. ज्या आयांच्या रक्तात ही स्निग्धाम्लं मुळात कमी होती, त्यांच्या मुलांना फायदा जास्त. हा डोस मोठा आहे, आपल्या मनाने गोळ्या सुरू करण्याजोगा नाही. मासे खाणाऱ्या घरात उजनीची चिलापी वर्ज्य करायचं कारण नाही. शाकाहारी घरातल्या जवसाच्या चटणीत ओमेगा-3 असतंच, पण ते वेगळ्या प्रकारचं. शरीर त्याचा फार थोडा भाग माशातल्या प्रकारात बदलतं. जवस खावाच, पण त्याला माशाची जागा देऊ नये.

एवढं ताटाविषयी बोलून सोलापुरात तंबाखूबद्दल गप्प बसता येणार नाही. शहराच्या पूर्वभागातल्या असंख्य बायका कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणून घरीच बिड्या वळतात. मांडीवरच्या सुपातली तंबाखूची धूळ श्वासात जाते आणि निकोटिन हाताच्या कातडीतूनही शिरतं. गरोदरपणी तंबाखूचा धूर, मग तो शेजारी बसून ओढणाऱ्याचा का असेना, मुलाच्या छातीत घरघर आणि दमा वाढवतो, याचे पुरावे शेंगदाण्याच्या संशयापेक्षा कितीतरी भक्कम आहेत. या बायकांना काम सोडा म्हणणं सोपं आहे; दिवसाची मजुरी कोण देणार? निदान गरोदरपणाच्या महिन्यांत सूप घेऊन मोकळ्या हवेत बसावं, हात साबणाने धुवावेत आणि घरातल्या पुरुषांनी बिडी बाहेर जाऊन ओढावी.

बाळ सहा महिन्यांचं झालं आणि वरचं अन्न सुरू झालं, की शेंगदाणा त्याच्याही ताटात आणता येतो. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नको, तो श्वासनलिकेत अडकतो. भाजून अगदी बारीक वाटलेलं, बिनतिखटाचं कूट पेजेत किंवा मऊ भातात पातळ कालवून, पहिल्यांदा चमच्याच्या टोकाइतकं, सकाळच्या वेळी, म्हणजे पुढचे काही तास बाळावर लक्ष राहतं. बाळाला जुनाट इसब असेल किंवा अंड्याने अंगावर उठलं असेल, तर हा पहिला चमचा बालरोगतज्ज्ञाला विचारूनच.