ऐकता ऐकता (लेखांक ७) : डोलकर म्हणजे कोण?

अलिबागला जाणारी एसटी वडखळ मागे टाकून धरमतरच्या पुलावर चढली की मी फोन खाली ठेवतो. खाली अंबा नदी असते, पण तिला इथे कुणी नदी म्हणत नाही. पाली आणि नागोठण्यावरून आलेलं तिचं गोडं पाणी धरमतरपर्यंत खारं होतं आणि नदीची खाडी होते. काठाला डोलवीच्या पोलाद कारखान्याची जेट्टी, मधून संथ चाललेले बार्ज, आणि ओहोटी असेल तर उघड्या पडलेल्या चिखलाचे लांबच लांब पट्टे. गावाच्या नावातच ‘तर’ आहे. तर म्हणजे होडीनं माणसं पैलतीरी नेण्याची जागा. एकेकाळी मुंबईहून बोटी इथे लागत आणि इथून पुढे कोकणाची वाट धरली जाई. पूल झाल्यावर ते थांबलं, नाव तेवढं राहिलं.

मागच्या महिन्यात याच पुलावर पुढच्या सीटवरच्या मुलीच्या फोनवर ‘मी डोलकर’ लागलं होतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ज्या गाण्यावर महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्या नाचल्या, तेच. शेजारच्या धाकट्या भावानं विचारलं, “ताई, डोलकर म्हणजे काय गं?” ताई म्हणाली, “होडीत बसून डोलतो ना, तो.”

मीही कितीतरी वर्षं हेच समजत होतो. चालच अशी आहे की ऐकणारा डोलायला लागतो, मग अर्थ विचारायची गरज कुणाला वाटणार? पण डोल हे जाळ्याचं नाव आहे, आणि डोल जाळ्यानं मासेमारी करणारा तो डोलकर. त्या पोराचा प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला, कारण आज ज्या पॉडकास्टबद्दल लिहायचं ठरवलं होतं, त्यांचा सगळा व्यवहार अशाच एका प्रश्नावर चालतो.

एक गाणं घ्यायचं आणि एक अख्खा भाग त्यालाच द्यायचा, असे पॉडकास्ट आता जगभर आहेत. त्यातला सर्वांत नावाजलेला ‘साँग एक्सप्लोडर’. अमेरिकेत वाढलेल्या हृषिकेश हिरवे या भारतीय वंशाच्या संगीतकारानं तो जानेवारी २०१४ मध्ये सुरू केला. त्याची रीत अगदी साधी आहे. गाणं करणाऱ्याला समोर बसवायचं, तासभर बोलतं करायचं, आणि संपादनात स्वतःचे प्रश्न काढून टाकायचे. ऐकणाऱ्याला फक्त गाणं करणाऱ्याचा आवाज येतो. मधूनमधून त्या गाण्याचे सुटे ट्रॅक वाजतात: एकटा ढोल, एकटी गिटार, वाद्यांविना उघडा गळा. शेवटी अख्खं गाणं. पंधरा-वीस मिनिटांपूर्वी ते ऐकलं असतं तर त्यात जे कानावर पडलंच नसतं, ते आता स्वच्छ ऐकू येतं. २०२० मध्ये नेटफ्लिक्सनं यावर दृश्य मालिका केली, पण मला विचाराल तर ही गोष्ट कानांचीच आहे.

दुसरी रीत बीबीसी रेडिओ ४ वरच्या ‘सोल म्युझिक’ची. ही मालिका २००० सालापासून चालू आहे. तिथेही एका भागात एकच गाणं किंवा रचना असते, पण बोलतात ती बहुतेक ऐकणारी माणसं. कुणाच्या आईच्या अंत्ययात्रेत ते वाजलं होतं, कुणी ते तुरुंगात ऐकलं होतं. गाणं करणाऱ्याला जे कधी कळलं नसतं, ते इथे कळतं.

आपल्याकडे ही गोडी नवी नाही. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं. दर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गाणी झाली. त्यातल्या पहिल्या गाण्याचा कागद ऐन वेळी सापडेना आणि गीतकार गदिमांना बसवून ते पुन्हा लिहून घेतलं, ही हकिकत मराठी घराघरांत ठाऊक आहे. विविध भारतीवरची ‘संगीत सरिता’ सिनेमाच्या गाण्यातला राग उलगडून दाखवत आली. मराठी मैफलीत तर निवेदक दोन गाण्यांच्या मध्ये हेच करत असतो. फक्त सांगून सांगून अशा गोष्टींना चकाकी चढते आणि खऱ्याचे कोपरे घासले जातात. फोनवर फिरणाऱ्या ‘या गाण्याच्या जन्माची कथा’ छापाच्या मजकुरावर तर मी अजिबात भरवसा ठेवत नाही. कुणी सांगितलं, कुणाला सांगितलं, केव्हा, यातलं काहीच त्यात नसतं. चांगल्या पॉडकास्टचा मोठा गुण हा, की सांगणारा आपल्या आवाजात आणि आपल्या नावानं सांगतो.

आता समजा, ‘मी डोलकर’वर असा एक भाग करायचा आहे. शब्द शांता शेळके यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचं, आवाज लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे. हेमंतकुमार १९८९ मध्ये गेले, शांताबाई २००२ मध्ये, लताबाई २०२२ मध्ये. म्हणजे हिरवे यांच्या रीतीनं या तिघांना समोर बसवता येणार नाही. सुटे ट्रॅकही मिळायचे नाहीत. त्या काळी गायक, कोरस आणि वादक एकत्र बसून एका दमात गाणं ध्वनिमुद्रित करत, तेव्हा वेगळं काढून ठेवलेलं असं काही नसेच. यावर आता संगणकाचा उपाय निघाला आहे. २०२३ मध्ये बीटल्सचं ‘नाऊ अँड देन’ आलं, ते जॉन लेननच्या जुन्या कॅसेटवरून त्याचा आवाज पियानोपासून वेगळा काढूनच. तसं आपल्या जुन्या गाण्यांचंही करता येईल. पण गाणं वाजवायला परवानगी लागते, आणि ती दुहेरी असते: शब्द आणि चालीची एक, ध्वनिमुद्रणाची दुसरी. आपल्या कायद्यानं कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं शब्दांवरचा हक्क टिकतो. शांताबाईंच्या ओळींवर तो २०६२ अखेरपर्यंत राहील. बरेच मराठी पॉडकास्ट करणारे गाण्याबद्दल नुसतं बोलतात किंवा दोन ओळी स्वतः गुणगुणतात, त्यामागे ही अडचण असते. ऐकणाऱ्यानं त्यांना आळशी समजू नये.

पण ‘सोल म्युझिक’ची रीत इथे चालू शकते, आणि मला तीच अधिक योग्य वाटते. शांताबाईंचा जन्म इंदापूरचा, समुद्रापासून कितीतरी दूर घाटावरचा. हेमंतकुमार बंगाली. या माणसांनी कोळ्याचं गाणं केलं आणि ते इतकं जमलं की कोळीवाड्यांनीही ते आपलं म्हटलं. कलावंताची ही ताकद मोठीच. तरी त्या गाण्याच्या गोष्टीत एक माणूस अजून बोललेला नाही: ज्याच्यावर गाणं आहे तो.

त्याला विचारलं तर तो काय सांगेल? आधी जाळं सांगेल. डोल म्हणजे एक प्रचंड लांब पिशवी. तोंड रुंद, मागे निमुळती होत गेलेली, तोंडाकडे मोठी आसं (जाळ्याची भोकं) आणि शेवटाकडे अगदी बारीक. हे जाळं ओढत नेत नाहीत. पाण्याच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना ते बांधतात, तोंड प्रवाहाकडे करून. मग काम पाणी करतं. भरती किंवा ओहोटी जोरात वाहते, तिच्याबरोबर बोंबील, मांदेली, करंदी, जवळा वाहत येतात आणि पिशवीत अडकतात. पाणी थांबून उलटं फिरायच्या आत जाळं उचलायचं, नाहीतर आलेलं परत जातं. खाडीच्या आत, धरमतरसारख्या जागी, याच जातीचं लहान जाळं लावतात, त्याला बोकशी म्हणतात.

म्हणून डोलकराचं घड्याळ चंद्रावर चालतं. अमावास्या-पुनवेच्या सुमाराला उधाण असतं, पाण्याला जोर असतो, जाळं भरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी मंद आणि मासळी थोडी. भरती रोज पाऊणएक तासानं पुढे सरकते, तसं आज पहाटे चारला उठलेला माणूस आठवड्यानं भलत्याच वेळी होडीत असतो. धरमतरहून गेटवे ऑफ इंडियापर्यंत पोहत जाणाऱ्यांनाही पाण्यात उतरण्याआधी हाच हिशेब मांडावा लागतो. एवढं कळल्यावर ते गाणं पुन्हा ऐका. वल्ह्याच्या लयीसारखी येणारी ती चाल मला आता निराळी लागते. ज्याला गाण्यात राजा म्हटलं आहे, तो खुंट रोवून पाण्याची वाट बघत बसणारा माणूस आहे. त्याचं सगळं राज्य पाण्याच्या मर्जीवर चालतं. आणि आता खाडीतून बार्ज जातात, त्यांच्या वाटेत खुंट रोवता येत नाही. हेही त्या भागात आलं पाहिजे.

खाडीकाठच्या आणखी एका गाण्याची गोष्ट मला याहून निकडीची वाटते, कारण त्या गाण्याला कंपनी नाही, रेकॉर्ड नाही आणि कवीचं नाव नाही.

धरमतरच्या दोन्ही अंगांना खारेपाट पसरला आहे. समुद्राचं पाणी बांध घालून अडवलेली ही भातजमीन. बांधाला खांड पडली की खारं पाणी शिवारात शिरतं आणि शेतं नापीक होतात. इथल्या आगरी घरांत लग्न म्हटलं की धवलारीण लागते. ती धवले गाते. तिला नुसती गाणारी समजू नये. हळदीला काय करायचं, मांडवात काय, कुणाला केव्हा हाक मारायची, हे सगळं तिच्या गाण्यात असतं, आणि पूर्वी कितीतरी लग्नं तिच्या आवाजावरच लागली. तिच्याजवळ वही नसते. आईकडून, सासूकडून, गावातल्या थोरल्या बाईकडून ऐकत तिनं ते उचललेलं असतं.

धवले म्हणजेच धवळे. आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो. आणि धवळे म्हटलं की मराठीच्या विद्यार्थ्याला लगेच महदाइसा आठवते. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण जिचं नाव घेतो, ती महानुभाव पंथातली तेराव्या शतकातली बाई. ऋद्धिपूरला पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांच्या विवाहाचा प्रसंग मांडला गेला, तेव्हा तिनं रुक्मिणी-कृष्णाच्या लग्नाचे धवळे गायले. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण पंथातल्याच म्हाइंभटांनी तो प्रसंग लिहून ठेवला: कुठे घडलं, कुणी गायलं, कशासाठी गायलं. मराठीत एका गाण्यामागची गोष्ट नावानिशी नोंदली गेल्याचं इतकं जुनं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. विदर्भातल्या ऋद्धिपूरपासून धरमतर शेकडो किलोमीटर दूर आहे, मध्ये सातशे वर्षं आहेत, आणि लग्नात बाईनं गायच्या गाण्याचं नाव तेच आहे. फरक एवढाच की महदाइसेला म्हाइंभट भेटले. खारेपाटातल्या बहुतेक धवलारणींची कुणी अशी नोंद ठेवलेली नाही.

हे काम होऊ शकतं, हे जात्यावरच्या ओव्यांनी दाखवलं आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढे ‘पारी’ या संकेतस्थळानं २०१७ पासून त्या ध्वनिमुद्रणांसह लोकांपुढे आणायला सुरुवात केली. तिथे ओवीच्या खाली गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं, तालुका असतो. गाणं कितीही जुनं आणि कुणाचंही असो, आज ते ज्या गळ्यातून आलं त्या गळ्याची नोंद राहते. हा नियम मला साऱ्या गाण्यांच्या पॉडकास्टपेक्षा मोलाचा वाटतो.

धवलारणीचं गाणं असं नोंदवायला स्टुडिओ लागत नाही. मागच्या लेखांकात सांगितलं तसं घरातली कमी घुमणारी खोली बघा, पंखा बंद करा, फोन तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर उशीवर ठेवा. आधी विचारा आणि तिनं ‘हो’ म्हटलेलंही आवाजात येऊ द्या. गाणं परंपरेचं असलं तरी तिच्या गाण्यावर तिचा हक्क आहे. गाण्याआधी तारीख, तिचं नाव, माहेर आणि सासर बोलून घ्या. कुणाकडून शिकली तेही विचारा. मध्येच ती विसरली, हसली, नातवाला हाक मारली तर रेकॉर्डिंग थांबवू नका. आणि खाली कीबोर्ड जोडू नका.

पेण, रोहा, अलिबाग, उरण, पनवेल या पट्ट्यातल्या वाचकांपैकी कितीतरी जणांच्या घरी धवले येणारी आजी, आत्या किंवा मावशी असेल. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि मग तिला सवड नसते. त्याआधी एक दुपार तिच्यासाठी काढा.