गार खायचा डबा

आता एकट्यानं तोक्योला जाणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. जपानी माणूस घरून जो डबा नेतो, तो बेंतो. तो गारच खायचा असतो. बाकी सगळं त्यावरून ठरतं. भात पुरता निवल्यावरच झाकण लावायचं, नाहीतर आत पाणी सुटतं नि भात आंबतो. रत्नागिरीहून मुंबईच्या बोटीसाठी दशम्या बांधणाऱ्या आपल्या आज्यांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

भाताच्या मधोमध लाल उमेबोशी असते. जर्दाळूच्या जातीचं फळ, खारवून उन्हात वाळवलेलं. चव अगदी आमसुलाच्या वळणाची. त्यातलं मीठ आणि आम्ल भात टिकवतं, पण जिथे लागतं तिथेच. म्हणून ती कुस्करून कालवलेली बरी.

शाकाहारी असाल तर डबा कराच. तिथल्या साध्या भाजीच्या रश्शातही बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो, आणि तो दिसत नाही!

खायचं कुठे? लोकलमध्ये नको, बरं दिसत नाही; शिंकानसेनमध्ये खुशाल. १९९५ च्या मेट्रोतल्या सरीन हल्ल्यानंतर रस्त्यावरच्या कचराकुंड्या फार कमी झाल्या. तेव्हा एक रिकामी पिशवी जवळ ठेवा.