घरासाठी बंदूक घ्यायची, पण कोणती?

लाखनीच्या घरात आई-बाबा दोघंच. गल्लीत घरफोडी झाली आणि मी पुण्यात बसून चक्क रिव्हॉल्व्हरचं शॉपिंग सुरू केलं. पुढे काय झालं, ते वाचा!

सोमवारची सकाळ, साडेनऊची मीटिंग आणि आईचा फोन. ‘काही नाही वो, आपल्या गल्लीत रात्री चोर आलते.’ आमच्या आईचं हे ‘काही नाही’ फार डेंजर असतं. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही तिने ‘काही नाही’नेच सुरू करून सांगितलं होतं.

तीन घरं सोडून पलीकडे कुलूप तोडलं होतं. घरचे लग्नाला गेले होते, म्हणून कोणाला इजा झाली नाही. कपाट मात्र रिकामं. मीटिंगमध्ये माझं लक्षच लागेना. आमचं घर भंडारा-साकोली हायवेपासून जरा आत, मागे धानाच्या बांध्या, आणि घरात दोन माणसं. एक सत्तरीला टेकलेला, दुसरी पासष्टची. मी तिथून हजारेक किलोमीटरवर, हिंजवडीत.

लंचपर्यंत माझं ठरलं होतं. बाबांना रिव्हॉल्व्हर घेऊन द्यायचं. आता मोबाइल घ्यायचा तरी मी पंधरा दिवस रिव्ह्यू वाचते. इथेही तेच केलं. एक्सेल शीट उघडली आणि कॉलम टाकले : किंमत, वजन, वापरायला सोपं की अवघड.

सिनेमातली गन विसरा

पहिला धक्का इथेच बसला. पडद्यावरचा इन्स्पेक्टर कमरेला लावतो ते ९ एमएम पिस्तूल सामान्य माणसाला मिळत नाही. ते ‘प्रोहिबिटेड बोअर’. तुमच्या-माझ्यासाठी उरतात पॉइंट ३२चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, पॉइंट २२, पॉइंट ३१५ची रायफल आणि बारा बोअरची दुनळी.

माझा जीव अडकला ‘निर्भीक’वर. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली महिलांसाठी म्हणून आणलेलं पॉइंट ३२चं रिव्हॉल्व्हर. वजन साधारण ५०० ग्रॅम, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. पर्समध्ये मावेल असं. आईसुद्धा चालवू शकेल, असा माझा हिशोब.

एक स्वस्त पर्यायही होता, एअरगन. पॉइंट १७७ची आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीची असेल तर परवाना लागत नाही. पण चोरासमोर ती धरायची म्हणजे खोटी नोट घेऊन बँकेत जाण्यासारखं. समोरच्याकडे खरी वस्तू निघाली तर?

शीट तयार झाली. प्रिंट काढली, शुक्रवारी रात्रीची गाडी पकडली. नागपूरला उतरून बसने भंडारा, पुढे लाखनी. बाबा स्टँडवर घ्यायला आले होते. गाडीवर मागे बसल्या बसल्या मी प्रेझेंटेशन सुरू केलं.

बाबा म्हणाले, ‘आपल्या घरी बंदूक आहे. विसरली का?’

बाबांची दुनळी

विसरले नव्हते. मोजण्यात धरली नव्हती. १९९०च्या दशकात बाबांनी बारा बोअरची दुनळी घेतली होती. रात्री शेतावर जायचे तेव्हा सोबत असावी म्हणून. आता ती गोदरेजच्या कपाटात साडीच्या जुन्या कापडात गुंडाळलेली असते. माझ्या लेखी ती अँटिक. माझ्या शीटमध्ये तिला जागाच नव्हती.

‘सरकारच्या शीटमध्ये तिचा नंबर पहिला आहे,’ बाबा म्हणाले. शाळेत मुख्याध्यापक होते ते. कागद दाखवल्याशिवाय बोलत नाहीत.

१९५९च्या शस्त्र कायद्याचं तेरावं कलम. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी २० इंचांपेक्षा कमी नळी नसलेली, आतून गुळगुळीत नळीची बंदूक मागितली तर परवान्याचा मार्ग त्यातल्या त्यात सोपा. रिव्हॉल्व्हर, पिस्तूल, रायफल मागितली की ‘सबळ कारण’ दाखवावं लागतं. ‘गल्लीत चोरी झाली’ हे सबळ आहे की नाही, ते जिल्हाधिकारी ठरवणार. मोठ्या शहरात पोलीस आयुक्त.

म्हणजे कायद्याने लपवता येणारं हत्यार अवघड करून ठेवलंय आणि दिसणारं सोपं. खिशातली वस्तू कुठेही जाते. दुनळी कोणी बाजारात घेऊन हिंडत नाही.

मी म्हटलं, ‘पण बाबा, दुनळीला नेम लागत नाही. छर्रे पसरतात, काम होतं, एवढंच.’

‘कोणी सांगतलं तुले?’ बाबांनी टेप काढली. आमच्या घरातलं सगळ्यात लांब अंतर म्हणजे दिवाणखान्याच्या दारापासून मागच्या पडवीपर्यंत, साडेआठ मीटर. एवढ्या अंतरात छर्रे फार तर वीतभर पसरतात. नेम धरावाच लागतो. आणि चुकला तर? पडवीला पत्र्याची भिंत, तिच्यापलीकडे शेजाऱ्यांची झोपायची खोली. रिव्हॉल्व्हरच्या गोळीलाही तो पत्रा काही अडवणार नाही. शिवाय आखूड नळीने नेम धरणं लांब नळीपेक्षा कितीतरी अवघड. घाबरलेल्या माणसाचा हात थरथरतो तेव्हा तर जास्तच.

माझ्या शीटमध्ये ‘भिंतीपलीकडे कोण झोपतं’ असा कॉलमच नव्हता.

अडीच वाजताची टेस्ट

शनिवारी जेवताना बाबा म्हणाले, ‘आज रात्री करून पाहू.’ नियम त्यांचे. बंदुकीला हात लावायचा नाही. तिच्या जागी कपडे वाळत घालायची काठी, काडतुसांच्या जागी टॉर्चचे दोन जुने सेल. बाकी सगळं खऱ्यासारखं. कपाटाला कुलूप, सेल वेगळ्या डब्यात, डब्यालाही कुलूप. शस्त्र रिकामं करून, कुलपात, कोणाच्या हाती लागणार नाही असं ठेवायचं असतं. परवाना घेताना तसं हमीपत्र द्यावं लागतं. उशीखाली रिव्हॉल्व्हर हा प्रकार सिनेमातच बरा.

अडीचला बाबांनी मागच्या दाराची कडी वाजवली. मी उठले. चष्मा सापडेना. किल्ली देवघरात, अंधारात उंबऱ्याला ठेच. कपाट उघडलं, काठी काढली. डब्याची किल्ली कुठली? दुसरी. नाही, तिसरी. सेल हातात घेतले, एक खाली पडून पलंगाखाली गेला. बाबांच्या घड्याळात दोन मिनिटं दहा सेकंद झाले होते आणि माझा घसा कोरडा पडला होता. खोटं आहे हे माहीत असूनही.

तेवढ्यात बोळीत सावली हलली. मी काठी खांद्याला लावली, ‘ठो’ म्हणाले.

‘मी आहो ना वो बाई,’ आई म्हणाली. आवाजाने जागी होऊन ती काय चाललंय ते पाहायला आली होती.

आम्ही तिघंही हसलो. चहा झाला. मग मी अंथरुणावर पडले आणि पहाटेपर्यंत डोळा लागला नाही. मी विचारलंच नव्हतं, ‘कोण आहे?’ दोन शब्द. तेवढेही नाही.

कायदा तुमच्या बाजूने आहे, पण...

सकाळी मी दुसरा मुद्दा काढला. घरात घुसलेल्यावर गोळी झाडायचा हक्क आहे ना? आहे. १ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, पण स्वसंरक्षणाचा हक्क कायम आहे. दरोडा किंवा रात्रीची घरफोडी होत असेल तर जीव जाईल इतक्या थरापर्यंत प्रतिकार करता येतो. पण अट आहेच : बचावासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. चोर कुंपणाबाहेर पळत सुटला आणि तुम्ही मागून बार काढला, तर तो बचाव राहत नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्ही.

आणि हे सगळं ठरवायचं अडीच वाजता, चष्म्याशिवाय, दोन-तीन सेकंदांत!

घ्यायचीच असेल तर...

* वय किमान २१ हवं. अर्ज ऑनलाइन होतो, मग जवळच्या पोलीस ठाण्याचा चौकशी अहवाल लागतो. शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखलाही लागतो.
* आधी परवाना, मग बंदूक. खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडूनच. ‘ओळखीतून स्वस्तात’ मिळणारा कट्टा म्हणजे थेट जेल.
* २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली.
* निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं जाऊ शकतं. बाबांची दुनळी २०२४ साली दोनदा जाऊन आली. त्या काळात घराचं काय, याचं उत्तर तयार ठेवा.
* लग्नात, वरातीत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.
* घरात लहान मूल, खूप दारू पिणारं किंवा निराशेत असलेलं कोणी असेल तर हा विषय इथेच बंद करा.

मग घेतलं काय?

रविवारी दुपारी बाबांनी फाइल काढली. त्यांना खरं तर वेगळंच बोलायचं होतं. २०१६च्या नियमांप्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा, ते वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. पंचवीस कधीच झाली होती. मुलगी चालते. ‘तुह्यं नाव टाकू का?’ त्यांनी विचारलं.

मी विचारलं, ‘तुम्ही नाही ठेवणार?’

‘डोळ्याचं ऑपरेशन झालं. अंधारात आता अंदाजाने चालतो मी. अंदाजाने बंदूक चालवायची नसते, बेटा.’

मला रिव्हॉल्व्हर कशासाठी हवं होतं, ते तेव्हा मला कळलं. आई-बाबांसाठी नाहीच. मी तिथे नसते, याचा त्रास मला होत होता, आणि सव्वा लाखात तो मिटला असता. पण अडीच वाजता कुलूप उघडणार कोण होतं? पासष्टची आई? की अंदाजाने चालणारे बाबा? आणि पुण्यात फ्लॅटमेटसोबत राहणारी मी ती दुनळी कुठे ठेवणार होते?

परीक्षेच्या पेपरातला प्रश्न असेल तर उत्तर माझ्याकडे आहे : गावातलं घर, धडधाकट माणूस, नेमाचा सराव, घरात पोरंटोरं नाहीत, तर बारा बोअर. आमच्या घरात यातला धडधाकट माणूसच नाही, तो पुण्यात असतो.

तेव्हा आम्ही घेतलं ते असं. मागच्या पडवीला लोखंडी जाळीचं दार. दोन्ही बाजूंना कोणी हललं की लागणारे दिवे. झोपायच्या खोलीला आतून जाड कडी, म्हणजे आवाज आला तर बाहेर जायचं नाही, आत बसून ११२ला फोन करायचा. गल्लीतल्या सहा घरांनी एकमेकांचे नंबर भिंतीवर लावले. गावाला जाताना सांगून जायचं, असं ठरलं. सगळं मिळून खर्च ‘निर्भीक’च्या पावपटही नाही. आणि एक गोष्ट माझ्याकडून. मॅनेजरशी भांडून महिन्यातला एक आठवडा लाखनीहून काम मंजूर करून घेतलं.

दुनळी बाबा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणार आहेत. वारसाचा अर्ज फाइलमध्ये कोराच आहे. लाखनीला कायमची राहायला आले, तर भरेन.

परवा आईचा फोन आला. ‘काही नाही वो, रात्री मागचा लाइट लागला होता.’ माझ्या पोटात गोळा. ‘मग?’

‘मांजर होती. तुहे बाबा आतूनच ओरडले, कोण आहे?’