खेळातली वस्तू विकून आलेल्या पैशांवर कर लागतो का?



आपल्या इंदूरच्या मराठी घरांतही हल्ली असा प्रसंग येऊ शकतो. कॉलेजात जाणारा मुलगा संध्याकाळी कॉम्प्युटरवर खेळतो आणि एक दिवस सांगतो, "आई, माझी बंदुकीची स्किन वीस हजारांना गेली. पैसे तुझ्या खात्यात घेतले आहेत." आईला कौतुक वाटते आणि धास्तीही. खेळातली बंदूक खोटी, पण पैसे खरे आहेत. मग यावर कर लागतो का, आणि लागला तर कोणाला?

थोडक्यात उत्तर असे, की हे उत्पन्नच आहे. "खेळातले पैसे" म्हणून आयकर कायद्यात वेगळी सूट नाही. मात्र कर किती लागेल हे ती कमाई कोणत्या प्रकारात बसते त्यावर ठरते, आणि त्यात फरक मोठा आहे.

एखाद-दुसरी विक्री

घरातला वापरलेला सोफा विकला तर आपण कर भरत नाही, कारण स्वतःच्या वापरातल्या जंगम वस्तूंना भांडवली मालमत्ता मानले जात नाही. सराफ्यात आजीची पाटली विकली तर मात्र नफ्यावर कर लागतो, कारण दागिने या सवलतीतून वगळले आहेत. स्वतः खेळताना वापरलेली एखादी स्किन विकली तर सोफ्यासारखा मुद्दा मांडता येईल. पण दर महिन्याला विक्री होत असेल तर तो टिकणार नाही.

नियमित खरेदी-विक्री

स्वस्तात घ्यायचे, भाव चढला की विकायचे, असे सतत चालू असेल तर तो व्यवसाय झाला. यात खरेदीची किंमत, बाजाराचे कमिशन आणि त्या कामापुरता इंटरनेटचा खर्च वजा करून उरलेला नफा इतर उत्पन्नात मिळवायचा, आणि नेहमीच्या टप्प्यांप्रमाणे कर भरायचा. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. म्हणजे दुसरे उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्याला बहुधा काहीच भरावे लागणार नाही.

आभासी डिजिटल मालमत्ता

खरी मेख इथे आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पाने 'आभासी डिजिटल मालमत्ता' हा प्रकार कायद्यात आणला आणि कलम ११५बीबीएच प्रमाणे तिच्या विक्रीच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर बसवला. फक्त खरेदीची किंमत वजा होते, दुसरा कुठलाही खर्च नाही. तोटा नफ्यातून वळता करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. ४ लाखांची मर्यादाही इथे कामाला येत नाही.

क्रिप्टो आणि एनएफटी यात येतातच. म्हणून ज्या खेळांतल्या वस्तू एनएफटीच्या रूपात असतात किंवा मोबदला क्रिप्टोत मिळतो, तिथे ३० टक्के धरूनच चालावे. साध्या खेळांतल्या स्किनचे नाव कायद्यात नाही. पण व्याख्या बरीच रुंद आहे. ३० जून २०२२ च्या अधिसूचनेने गिफ्ट कार्ड, रिवॉर्ड पॉइंट आणि अ‍ॅपची वर्गणी अशा गोष्टी तिच्यातून वगळल्या. खेळातल्या वस्तू त्या यादीत नाहीत. रक्कम मोठी असेल तर हा मुद्दा सीएशी बोलूनच ठरवावा.

आकड्यांत पाहू

समजा, ३,००० ला घेतलेली वस्तू २०,००० ला विकली आणि दुसऱ्या एका वस्तूत ८,००० चा तोटा झाला. व्यवसाय मानला तर नफा ९,००० आणि कर टप्प्याप्रमाणे, कदाचित शून्य. आभासी मालमत्ता मानली तर तोटा धरला जात नाही. १७,००० वर ३० टक्के म्हणजे ५,१००, वर ४ टक्के उपकर २०४, एकूण ५,३०४ रुपये.

मूल अठरा वर्षांखालचे असेल तर

अल्पवयीन मुलाचे उत्पन्न आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त असेल त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. मुलाने स्वतःच्या कौशल्याने मिळवलेले उत्पन्न याला अपवाद आहे. महिनोन्महिने खेळून मिळवलेली वस्तू विकली तर हा अपवाद सांगता येईल. नुसती घेऊन विकली तर कठीण आहे.

मूल सज्ञान असेल तर पैसे त्याच्याच खात्यात घ्यावेत. आईच्या खात्यात जमा झालेल्या रकमेबद्दल विचारणा झाली तर ती आईलाच होईल, आणि पैसे मुलाचे होते हे कागदाने दाखवावे लागेल.

काही गैरसमज

"पैसे बँकेत आलेच नाहीत, वॉलेटमध्येच आहेत." स्टीमच्या बाजारात विक्रीची रक्कम स्टीमच्याच वॉलेटमध्ये राहते, हे खरे. पण पैशाच्या मोलाचा मोबदलाही उत्पन्न ठरू शकतो. नोंद ठेवावी.

"खेळाच्या नियमात विक्रीला मनाई आहे, मग दाखवायचे कसे?" बऱ्याच खेळांत अशी मनाई असते आणि खाते बंदही होऊ शकते. कर मात्र त्यामुळे टळत नाही.

एवढे जरूर करा

एका वहीत तारीख, वस्तू, खरेदीची किंमत, विक्रीची किंमत आणि कमिशन लिहून ठेवा. व्यवहाराचे स्क्रीनशॉट जपा. विवरणपत्र भरण्याआधी आयकर पोर्टलवरचे वार्षिक माहितीपत्रक, म्हणजे एआयएस, उघडून पाहा. आभासी मालमत्तेचे उत्पन्न असेल तर साधा आयटीआर-१ चालत नाही. २०२५-२६ चे विवरणपत्र १९६१ च्याच कायद्याप्रमाणे भरायचे आहे. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला लागू आहे.

मुलांना रागावण्याचे कारण नाही. पहिल्या कमाईबरोबर पहिला हिशेबही त्यांनीच लिहावा, आणि आपण शेजारी बसून तो एकदा तपासून पाहावा.