पडद्यावरील सूचनांची मराठी

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्याची राजभाषा ठरली. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नंतर अनेक दाखल्यांचे अर्ज नागरिक संकेतस्थळावर भरू लागले. अशा अर्जाचे शीर्षक व रकाने मराठीत असूनही, एखादी चूक होताच पडद्यावर इंग्रजी सूचना उमटते, असे घडू शकते. नेमक्या अडचणीच्या क्षणीच मराठी वाचकाचा आधार सुटतो.

याचे कारण तांत्रिक आहे. पानावरील स्थिर मजकूर आधीच भाषांतरित केलेला असतो. चुकीची सूचना मात्र पान उघडल्यानंतर ब्राउझरमध्ये चालणारी आज्ञावली तयार करते. ही सूचना आज्ञावलीतच इंग्रजीत लिहिलेली असली, तर ती भाषांतरकाराच्या नजरेस पडत नाही.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक सूचनेला एक कायम खूणनाव द्यावयाचे व प्रत्येक भाषेतील मजकूर त्या खूणनावापुढे वेगळ्या यादीत नोंदवावयाचा. आज्ञावलीत वाक्य न लिहिता केवळ खूणनाव लिहावयाचे. पान चालू असताना वाचकाच्या भाषेच्या यादीतून योग्य मजकूर उचलला जातो.

२००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिच्यात हीच पद्धत आहे. आज्ञावलीला लागणाऱ्या सूचनाच तेवढ्या सर्व्हर तिच्याबरोबर पाठवितो. त्यामुळे सर्व यादीचा भार वाचकावर पडत नाही. मराठी मजकूर उपलब्ध नसेल, तर शेवटी इंग्रजी मजकूर दाखविला जातो. सूचना मुळीच पाठविली गेली नसेल, तर कंसात नुसते खूणनाव दिसते व उणीव तत्काळ ध्यानी येते.

तथापि, शब्दांचे तुकडे जोडून मराठी वाक्य होत नाही. ‘१ चूक आढळली’, पण ‘३ चुका आढळल्या’. येथे नामाबरोबर क्रियापदही बदलते. म्हणून एकवचनाचे व अनेकवचनाचे वाक्य स्वतंत्रपणे नोंदवावे लागते. ‘पुणे’ या नावास ‘त’ हा प्रत्यय जोडताना ‘पुण्यात’ असे सामान्यरूप होते. यंत्राने केलेली जोडणी ‘पुणेत’ असे अशुद्ध रूप देईल. अशा ठिकाणी ‘जिल्हा : पुणे’ अशी रचना सोयीची ठरते. यास्तव भाषांतरकाराच्या हाती सुटे शब्द न देता पूर्ण वाक्य द्यावे आणि बदलत्या संख्येची किंवा नावाची जागा त्यात राखून ठेवावी.

संकेतस्थळ स्वीकारताना केवळ पहिले पान पाहून समाधान मानू नये. एखादा रकाना रिकामा ठेवावा, चुकीचा क्रमांक भरावा, अर्ज अर्धवट सोडावा, आणि प्रत्येक वेळी उमटणारी सूचना वाचावी. या साध्या चाचणीस संगणकाचे विशेष ज्ञान लागत नाही. ग्रामपंचायतीचे सदस्य व शिक्षकही ती करू शकतात. आपली चूक कोणती व ती कशी सुधारावी, हे नागरिकास स्वभाषेत कळले, तरच ती सेवा खऱ्या अर्थाने त्याच्यापर्यंत पोहोचली असे म्हणता येईल.