यांत्रिक अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण

यंत्रे, एंजिने, ऊर्जा-परिवर्तनाची साधने व निर्मितिप्रक्रिया यांसंबंधी पदवीनंतर घेतले जाणारे प्रगत शिक्षण. पाठ्यविषयांचे अध्ययन आणि प्रबंधासाठी करावयाचे स्वतंत्र संशोधन ही त्याची दोन अंगे होत. पदवी अभ्यासक्रमात प्रस्थापित सूत्रे वापरण्याचे कौशल्य प्राप्त होते. ती सूत्रे कोणत्या गृहीतांवर आधारलेली आहेत व कोठे लागू पडत नाहीत, हे तपासण्याची क्षमता पदव्युत्तर शिक्षणात अभिप्रेत असते.

स्वरूप : भारतात एम्. टेक्. किंवा एम्. ई. हा अभ्यासक्रम सामान्यतः दोन वर्षांचा असतो. पहिल्या वर्षी प्रगत गणित, स्थितिस्थापकता सिद्धांत, कंपने, ऊष्मा संक्रमण, द्रायुयामिकी इ. विषयांतून निवडलेल्या शाखेनुसार अध्ययन होते. दुसरे वर्ष मुख्यत्वे प्रबंधासाठी असते. यंत्र अभिकल्प, ऊष्मीय व द्रायू अभियांत्रिकी आणि निर्मिती अभियांत्रिकी या प्रमुख शाखा होत. अनेक संस्थांतील प्रवेश १९८० च्या दशकात सुरू झालेल्या ‘गेट’ या अखिल भारतीय परीक्षेवर आधारलेला असतो. पीएच्. डी.साठी ज्ञानात मौलिक भर घालणे आवश्यक असते.

प्रगत अध्ययनाचे प्रयोजन : ताणलेल्या पट्टीतील प्रतिबल म्हणजे भार भागिले छेदाचे क्षेत्रफळ, हे पदवीच्या आरंभीच शिकविले जाते. पट्टीत छिद्र असल्यास मात्र हे सरासरी मूल्य फसवे ठरते. रुंद पट्टीतील लहान वर्तुळाकार छिद्राच्या कडेशी प्रतिबल सुमारे तिप्पट होते, असे किर्श यांनी १८९८ मध्ये दाखविले. इंग्लिस यांनी १९१३ मध्ये विवृत्ताकार छिद्राचे गणित मांडले. ताणाच्या दिशेशी काटकोनात असलेला विवृत्ताचा अक्ष दुसऱ्या अक्षाच्या दसपट असल्यास कडेचे प्रतिबल २१ पट होते. छिद्र अरुंद होत जाऊन त्याचा तडा झाला, तर हेच गणित अनंत प्रतिबल दर्शविते. मग तडा असलेली कोणतीही वस्तू तत्काळ का मोडत नाही, असा प्रश्न उद्‌भवतो. तडा वाढताना मुक्त होणारी स्थितिस्थापक ऊर्जा नवे पृष्ठ निर्माण करण्यास पुरेशी असेल तरच तो पसरतो, असे उत्तर ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये दिले. त्यातूनच भंगयामिकी ही शाखा पुढे विकसित झाली.

या विवेचनाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. १९५४ मध्ये ‘कॉमेट’ जातीची दोन जेट प्रवासी विमाने भूमध्य समुद्रावर आकाशातच फुटून ५६ जण मृत्युमुखी पडले. प्रत्येक उड्डाणात कक्षातील हवेचा दाब वाढून व कमी होऊन धातूस शिणवटा आला होता. खिडक्यांसारख्या छेदांच्या कोपऱ्यांजवळील प्रतिबल अभिकल्पकांच्या अंदाजाहून बरेच अधिक होते, असे चौकशीत आढळले.

इतिहास : अमेरिकेत विलार्ड गिब्ज यांना १८६३ मध्ये येल येथे दंतचक्रांच्या दात्यांच्या आकारावरील प्रबंधासाठी डॉक्टरेट मिळाली, ही त्या देशातील अभियांत्रिकीची पहिली डॉक्टरेट मानली जाते. प्रशियातील तांत्रिक उच्चविद्यालयांना १८९९ मध्ये डॉक्टरेट देण्याचा अधिकार मिळाला. प्रांट्‌ल यांनी १९०४ मध्ये सीमास्तराची संकल्पना मांडली आणि गॉटिंगेन येथे ब्लाझिउस, कार्मान यांसारखे संशोधक त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले. ट्यिमशेन्को यांनी १९२७ पासून मिशिगन येथे व १९३६ पासून स्टॅनफर्ड येथे प्रगत यामिकीचे अध्यापन केले.

भारतात १९०९ मध्ये स्थापन झालेल्या बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेने उच्च संशोधनाची परंपरा निर्माण केली. सरकार समितीने १९४६ मध्ये देशाच्या चार विभागांत उच्च तांत्रिक संस्था स्थापण्याची शिफारस केली. त्यानुसार १९५१ मध्ये खरगपूर येथे पहिली भारतीय तंत्रविद्या संस्था (आय्. आय्. टी.) सुरू झाली. १९५८ मध्ये यूनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएट साहाय्याने मुंबईची संस्था सुरू झाली. ती पवई येथे आहे. पुण्याचे पूर्वीचे अभियांत्रिकी महाविद्यालय (१८५४) व मुंबईची पूर्वीची व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था (१८८७) या जुन्या संस्थांतही आता पदव्युत्तर अध्यापन होते.

संगणकाचा प्रभाव : यंत्रभागाची लहान घटकांत विभागणी करून प्रतिबल काढण्याची सांत घटक पद्धती आता सर्वत्र रूढ आहे. तथापि आत वळलेल्या तीक्ष्ण कोपऱ्यापाशी घटक जितके लहान करावेत, तितके प्रतिबलाचे मूल्य वाढतच जाते. ते कोणत्याही निश्चित संख्येवर स्थिरावत नाही. हा दोष संगणकाचा नसून गृहीत धरलेल्या भूमितीचा व पदार्थाच्या आदर्श गुणधर्मांचा असतो. अशा उत्तरावर कितपत विसंबावे व कोपऱ्यास किती गोलाई द्यावी, याचा निर्णय अभियंत्यासच करावा लागतो. त्यासाठी लागणारा विवेक निर्माण करणे हेच या शिक्षणाचे मुख्य प्रयोजन होय.