तक्ता मुलाचा की घराचा?

गेल्या पावसाळ्यात एक आई आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. तक्रार मानेच्या काळेपणाची होती. डाळीचे पीठ, लिंबू सारे उपाय झाले होते. घासून घासून त्वचा सोलवटली, पण ‘मळ’ निघत नव्हता. तो मळ नव्हताच. मानेवरची व काखेतली त्वचा अशी काळी, जाड, मखमलीसारखी झाली की शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नसल्याचे ते बहुधा चिन्ह असते. मुलाचे वजन ५२ किलो भरले.

“डॉक्टर, तुम्हीच याला रागवा,” आई म्हणाली. मुलगा मान खाली घालून बसला होता.

पूर्वी मी अशा मुलाच्या हाती आहाराचा छापील तक्ता देत असे. तो फ्रीजच्या दारावर चिकटे आणि दाराआड शीतपेयाची बाटली तशीच राही. ३०० मिलिलिटर कोलात सुमारे ३० ग्रॅम साखर असते. ती बाटली मूल विकत आणत नाही; मग पथ्य त्याला एकट्यालाच का?

म्हणून या वेळी मी घराचीच विचारपूस केली. वडील रात्री उशिरा परततात, येताना फरसाण आणतात. जेवण टीव्हीसमोर होते. आजी प्रेमापोटी चौथी पोळी वाढते. शाळा, मग क्लास. खेळ कुठेच नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मी तीनच गोष्टी सुचविल्या. बाटली व फरसाण घरात कोणासाठीही येऊ नये. ताटात काय आणि केव्हा वाढायचे हे आईवडिलांनी ठरवावे, किती खायचे हे मुलाने. ‘ताट संपव’ हा आग्रह नको. नावडती भाजी आठ-दहा वेळा थोडीथोडी समोर आल्यावर कित्येक मुले ती खाऊ लागतात. मात्र ‘भाजी संपवलीस तर आइस्क्रीम’ म्हटले की भाजी शिक्षाच ठरते. (माझ्याही टेबलावर न रडणाऱ्या मुलांसाठी चॉकलेटची बरणी वर्षानुवर्षे होती. आता तीत रंगीत खडू आहेत.) तिसरी गोष्ट, संध्याकाळी कोणीतरी मोठ्याने मुलासोबत खेळावे; नुसते ‘खेळायला जा’ म्हणून भागत नाही. उपासमार मात्र करू नये. वाढत्या वयात वजन स्थिर राहून उंची वाढली, तरी पुष्कळ साधते.

सहा महिन्यांनी तिघेही आले. वजन ५२ वरच होते, उंची तीन सेंटिमीटरने वाढली होती. मान किंचित उजळली होती. आईने घासणे थांबविले होते. “बाबा बॅडमिंटनमध्ये रोज हरतात,” मुलाने सांगितले. वडील हसले आणि वजनकाट्यावरील आकडा पाहायला वाकले, तेव्हा त्यांच्या कॉलरमागे मला तोच काळा पट्टा दिसला. उद्या सकाळी त्यांनाही उपाशीपोटी रक्त तपासायला बोलाविले आहे.